जुना जीपीएस पुन्हा सिग्नल धरतो का? काही महिने वापरल्यानंतर

नव्वदच्या दशकातला, हातात धरायचा बारा चॅनलचा जीपीएस रिसीव्हर गेले काही महिने नेमाने वापरतोय. जोडीला त्याहून जुना, एकाच चॅनलवर आळीपाळीने उपग्रह ऐकणारा एक सेट आहे. दोन्ही 'चालू होतो, पण सिग्नल पकडत नाही' म्हणून स्वस्तात मिळाले. आता दोन्ही पकडतात, आणि त्यासाठी रेडिओच्या भागाला हातही लावावा लागला नाही.

अशा सेटचा रेडिओ बहुतेक वेळा ठणठणीत असतो, गोंधळ मेमरीत असतो. आत्ता कोणते उपग्रह क्षितिजाच्या वर असतील, हे रिसीव्हर तीन गोष्टींवरून ठरवतो: वेळ, शेवटची जागा आणि अल्मनॅक, म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती. मेमरी पूर्ण पुसलेली असेल तर तो निदान सगळं आकाश चाळायला घेतो. पण अर्धवट जुनी माहिती शिल्लक असेल तर क्षितिजाखालचे उपग्रह शोधत बसतो, आणि आपण म्हणतो सेट मेला. म्हणून माझा पहिला उपाय मास्टर रीसेट, म्हणजे सेटची मेमरी पूर्ण पुसणं. आधीच्या मालकाचे वेपॉइंट, म्हणजे साठवलेल्या जागांच्या खुणा, हव्या असतील तर त्या केबलने आधी उतरवून घ्या.

रीसेटनंतर सेट मोकळ्या आकाशाखाली ठेवायचा आणि हलवायचा नाही. उपग्रहाचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येतो. त्या उपग्रहाची स्वतःची कक्षा, म्हणजे इफेमेरिस, दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. अख्खा अल्मनॅक उतरायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. माझ्या सेटवर सिग्नलची पट्टी आधी पोकळ दिसते, इफेमेरिस मिळाली की भरीव होते. पट्टी भरत आली असताना सेटवर ओणवं होऊन बघायला गेलात की आपलंच डोकं आडवं येतं, तो तुकडा हुकतो आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. एकचॅनलवाला तर सुरुवातीला अर्धा तासही घेतो. त्याला लावून ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं.

तरीही पट्टी उमटलीच नाही तर माझा पहिला संशय क्रिस्टलवर, म्हणजे रिसीव्हरची वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकावर. जीपीएसचा नागरी वापराचा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे क्रिस्टल दहा लाखांत एक भाग सरकला तरी शोध सुमारे १५७५ हर्ट्झने चुकतो. उपग्रहाच्या वेगामुळे येणारा पाचेक हजार हर्ट्झपर्यंतचा फरक त्यात वेगळा. म्हातारा क्रिस्टल शोधाच्या पट्ट्याबाहेर जाऊ शकतो. सेट थोडा वेळ चालू ठेवून तापमान स्थिर होऊ दिलं की माझ्याकडे फरक पडला. एकदा फिक्स मिळाल्यावर, म्हणजे जागा ठरल्यावर, बरेच रिसीव्हर क्रिस्टलचा हा सरकलेपणा लक्षात ठेवतात, पुढच्या वेळी उपग्रह लवकर पकडले जातात.

अँटेना बघून सेट धरा: चपटा पॅच असेल तर आडवा, तोंड आकाशाकडे, उंचवट्यातला हेलिक्स, म्हणजे गुंडाळलेल्या तारेचा, असेल तर उभा. बाहेरची अ‍ॅक्टिव्ह (सेटकडून वीज घेणारी) अँटेना जोडणार असाल तर व्होल्टेज जुळवा. जुने सेट बहुधा ५ व्होल्ट देतात, नव्या अँटेना अनेकदा ३.३ व्होल्टच्या असतात.

सेलच्या कप्प्यातलं पांढरं खरखरीत किटण व्हिनेगरच्या बोळ्याने निघालं, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. आतला मेमरी जपणारा, सोल्डर केलेला लिथियम सेल बदलताना धातूच्या पट्ट्या लावलेलाच घ्या, थेट सेलवर सोल्डरिंगची इस्त्री टेकवू नका. मूळ सेल रिचार्ज होणारा असेल तर त्या जागी साधा बसवू नये.

तारखेचं दुखणं मात्र बरं होत नाही. जीपीएस संदेशातला आठवड्याचा आकडा दहा बिटांचा, म्हणजे १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. माझा सेट त्यामुळे वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतो. जागेच्या गणितावर परिणाम दिसला नाही. ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, उतरवल्यावर तारखांत ७१६८ दिवस मिळवतो आणि मोकळा होतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या पानाकडे बघत नाही.

अचूकतेची मजा वेगळीच. हा सेट नवा होता तेव्हा नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. मे २००० मध्ये ते बंद झालं, त्यामुळे तोच डबा आज नवा असतानापेक्षा अचूक आहे. मोकळ्यावर दहा-पंधरा मीटरच्या आत राहतो. जागा शेकडो मीटर सरकलेली दिसली तर सेट उघडण्याआधी डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या मानकावर आहे का ते बघा.

दाट ओल्या झाडीत, उंच इमारतींमध्ये किंवा घरात तो निरुपयोगी आहे. फक्त जीपीएस ऐकतो, युरोपची गॅलिलिओ आणि रशियाची ग्लोनास या उपग्रह यंत्रणा त्याच्या गावीही नाहीत, आणि फोनला नेटवर्ककडून मिळते ती आगाऊ मदत याला नाही. मोकळ्या रानात चालायला, बटणं दाबून वेपॉइंट टाकायला मी तोच नेतो, कारण उन्हात स्क्रीन फोनपेक्षा स्पष्ट दिसते. जुना सेट घेताना सिग्नल नाही म्हणून नाकारू नका. स्क्रीनवरच्या रेघा गायब असतील तर मात्र ठेवून द्या, ते काम सिग्नल पकडवण्यापेक्षा किचकट आहे.