जळगावातील जुन्या तबकड्यांचे दुकान

जळगावात नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या नृत्यक्लबांत गाजलेल्या अमेरिकी सोल संगीताच्या, तबकड्या हाताळून, ऐकून घेता येतात, हेच या दुकानाचे मोठेपण. मालक ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी उजेडात तिरपी धरून लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवरील मॅट्रिक्स क्रमांक (तबकडी कोणत्या मूळ साच्यातून निघाली ते सांगणारी खूण) दाखवतात आणि तो ठशाने उमटवलेला की हाताने कोरलेला, यावर जमलेल्या शौकिनांचा वाद रंगतो; १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये या संगीताच्या बनावट प्रती निघाल्यामुळे अस्सल प्रत ओळखायला ही चिकित्सा आवश्यकच आहे. अमेरिकी सोल गायक फ्रँक विल्सन यांच्या १९६५ च्या तबकडीच्या मोजक्याच मूळ प्रती ज्ञात आहेत. इथे तिची नंतरची आवृत्ती मिळते आणि तसे स्पष्ट सांगूनच विकली जाते, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. खानदेशच्या उन्हात तबकड्या वाकू नयेत म्हणून त्या आतल्या खोलीत उभ्या ठेवल्या आहेत. पाकिटांवर किमती मात्र नाहीत. त्या लिहायला हव्यात.