श्रीनगरच्या चिनारांसाठी घेतलेला सीपीएल फिल्टर, आठ दिवस वापरून

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगरला गेलो होतो, खास चिनार बघायला. आठ दिवस एकच शहर, गुलमर्ग-पहलगाम मुद्दाम ठेवलंच नाही. निघायच्या आधी मुंबईत बोरा बाजारातून ७७ एमएमचा (हे लेन्सच्या तोंडाचं माप) सीपीएल फिल्टर घेतला, सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायची, चकाकी कापणारी फिरती काच, साडेतीन हजारला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती या रेंजमधल्या कुठल्याही फिल्टरबद्दल होऊ शकते.

आधी हे सांगतो की घ्यावा का, तर हो, पानांचे फोटो काढायला जाणार असाल तर दुसरी लेन्स नंतर घ्या पण हा आधी घ्या. कारण साधं आहे. चिनारचं पान हाताच्या पंजाएवढं मोठं असतं आणि ऊन पडलं की त्याच्यावर पांढरट चकाकी येते, आभाळाचंच रिफ्लेक्शन असतं ते, आणि त्या चकाकीखाली खरा रंग झाकला जातो. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही पण फोटोत सगळं झाड फिकट, धुवून काढल्यासारखं दिसतं. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली की एका ठिकाणी ती चकाकी जाते आणि खालचा तांबूस रंग वर येतो. पहिल्यांदा व्ह्यूफाइंडरमध्ये हे झालं तेव्हा मी नसीम बागेत होतो, आणि मी खरंच तीन-चार वेळा रिंग मागेपुढे करून तेच बघत बसलो. नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे होत नाही, चकाकीखालचा रंग सेन्सरवर आलेलाच नसतो तर वाढवणार काय.

नसीम बाग म्हणजे काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली मुघलांच्या वेळची चिनारांची बाग, हजरतबलच्या बाजूला. ती दल लेकच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन समोरून, जबरवानच्या डोंगरावरून तलाव ओलांडून येतं. सूर्योदय पावणेसातच्या आसपास पण डोंगर मध्ये असल्यामुळे झाडांवर ऊन यायला अजून वेळ लागतो, तेवढ्यात खाली पडलेल्या पानांवरचं दव टिपून घ्यायचं. निशात बाग बरोबर उलट्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमेकडे तोंड करून, तिथे सकाळी जाऊन मी एक दिवस वाया घालवला, सगळी बाग सावलीत. दुपारी तीननंतर जा, मग खालच्या पायऱ्यांपासून वरपर्यंत सगळे चिनार पेटल्यासारखे दिसतात.

आता फिल्टर कधी चालतो ते. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला असेल तर सगळ्यात जास्त परिणाम, सूर्य पाठीशी किंवा समोर असेल तर आभाळावर जवळजवळ काहीच नाही. समोरून ऊन येऊन पान आरपार उजळलेलं असेल तर फिल्टर सरळ काढून खिशात ठेवा, तिथे तो फक्त प्रकाश खातो. प्रकाश खातो म्हणजे साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), संध्याकाळी शिकाऱ्यातून काढताना हे फार जाणवलं, शिकारा हलत असतो, शटर स्पीड खाली आणता येत नाही, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १६०० वर न्यावा लागला. आणि पाण्यात पडलेलं प्रतिबिंब हवं असेल तर ते परत दिसेपर्यंत रिंग फिरवा नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जातं, दोन फोटो असे गेले माझे. १६ एमएमसारख्या वाइड लेन्सवर आभाळाचा एक पट्टा गडद निळा आणि बाकीचं फिकट असं येतं, ते नंतर नीट करता येत नाही, म्हणून वाइडला मी वापरायचं सोडून दिलं.

सगळ्यात भारी काम केलं ते पावसाच्या दिवशी. एक अख्खा दिवस रिमझिम होती, हॉटेलवाले म्हणाले आज काय फिरणार. पण ओल्या पानांवर चकाकी अजून जास्त असते, त्यामुळे ढगाळ असूनही फिल्टरने जो फरक पडला तो उन्हातही पडला नव्हता. ओली काळपट खोडं आणि खाली गंजाच्या रंगाचा गालिचा. व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग किती उबदार किंवा थंड दिसावेत ती सेटिंग) ऑटोवर ठेवू नका एवढंच, कॅमेरा तो सगळा तांबडेपणा चूक समजून थंड करून टाकतो, डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा.

तक्रार अशी की थंडीत पहाटे रिंग लेन्सला घट्ट बसली, बोटं गारठलेली, निघेचना. रिंगेभोवती रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवल्यावर सुटली, जोरात आवळलं तर रिंग वाकते आणि अजून घट्ट बसते. तेव्हापासून रबरबँड बॅगेतच असतो. दुसरं म्हणजे लेन्स हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं) लावला की माझ्या लेन्सवर रिंग फिरवता येत नाही.

माझी मावशी बरोबर होती, तिच्याकडे फक्त फोन. तिच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर हाच फिल्टर नुसता धरला तरी काम झालं, तिचे शालिमार बागेतले फोटो घरच्या ग्रुपवर माझ्यापेक्षा जास्त पाहिले गेले. तिलाच तिथल्या एका बाईंनी सांगितलं की काश्मिरीत या दिवसांना हरूद म्हणतात, आणि त्या गोळा करत होत्या ती पानं जाळून त्याचा कोळसा कांगडीत, म्हणजे थंडीत ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीत, घालतात. दुपारनंतर बागांवर जो निळसर धूर दिसतो तो त्याचाच. फिल्टर असा धूर पुसट करतो आणि मला तो फोटोत हवाच होता, म्हणून तिथेही फिल्टर काढला.

घेताना तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायचं कडं) लावा, प्रत्येकाला वेगळा घेत बसू नका. आपल्याकडे पानगळ शिशिरात आणि रंग त्यानंतर, मार्चमध्ये कुसुंबाला कोवळी लालभडक पालवी येते, ती पानं चिनारपेक्षाही जास्त चकाकतात. मुरबाडकडे दोन झाडं हेरून ठेवलीत, या मार्चला हाच फिल्टर घेऊन तिथे जाणार आहे.