पोटावर शिरा दिसू लागल्यास आधी डॉप्लर सोनोग्राफी की सीटी स्कॅन?

सडपातळ शरीर किंवा गरोदरपण यांमुळे पोटावर दिसणाऱ्या शिरा बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु त्या नव्याने फुगल्या असतील, तर यकृताच्या सिरोसिसमुळे (यकृत व्रणांनी कठीण होण्यामुळे) पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांतील रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेत, वाढलेला दाब किंवा अधोमहाशिरेतील, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेतील, अडथळा शोधावाच लागतो, आणि तेव्हा आधी कोणती तपासणी करावी, असा प्रश्न पडतो.

डॉप्लर सोनोग्राफी ध्वनिलहरींनी होत असल्याने तीत किरणोत्सर्ग नसतो, खर्च कमी येतो आणि रक्त कोणत्या दिशेने वाहते हे प्रत्यक्ष दिसते, जे निदानासाठी फार मोलाचे आहे. मात्र आतड्यांतील वायू व स्थूलता यांमुळे चित्र अस्पष्ट होते, आणि तपासणाऱ्याच्या कौशल्यावरही बरेच अवलंबून राहते.

सीटी स्कॅनमध्ये शिरांचे संपूर्ण जाळे, गाठी व रक्ताच्या गुठळ्या अधिक स्पष्ट दिसतात. पण किरणोत्सर्ग होतो आणि शिरेतून द्यावयाच्या रंगद्रव्यासाठी मूत्रपिंडांचे कार्य पाहावे लागते.

उपचार मूळ कारणावरच करावेत. या शिरा अडलेल्या रक्ताला पर्यायी वाट देत असल्याने केवळ सौंदर्यासाठी त्या बंद करणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून बहुतेकांनी, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, डॉप्लरपासून सुरुवात करावी. त्यातून उलगडा न झाल्यास, गाठीची शंका असल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरत असल्यास सीटी स्कॅन योग्य. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाल्यास मात्र निवड करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.