दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी घालून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

खानापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, सोसायटीचे अहवाल, अर्धं काम मराठीत आणि अर्धं कन्नडात. मशीन जुनं, एच81 मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय3 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्डडिस्क. सकाळी बटण दाबून दारात झाडून पाणी मारून आलं तरी डेस्कटॉप आलेला नसायचा, त्यात गिऱ्हाईक समोर बसलेलं. शेवटी शिमग्याच्या सुमारास 480 जीबीची साधी साटा एसएसडी आणली, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी, हार्डडिस्कच्याच साटा केबलला लागणारी ड्राइव्ह. एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकाराचा विचारच नव्हता कारण आमच्या बोर्डाला ती बसवायचा एम.2 स्लॉटच नाही. विंडोजमध्ये ती 447 जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने.

विंडोज नवीन टाकावं असं सगळे सांगतात, पण माझ्याकडं कन्नड टायपिंगचं नुडी आहे, मराठीचं श्रीलिपी आहे, दहा वर्षांचे फॉन्ट आहेत, ते परत कोण बसवणार? म्हणून फक्त बूटचं बारकं पार्टिशन आणि सी ड्राइव्ह क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं एसएसडीवर उतरवलं, बाकी डेटा जुन्या डिस्कवरच. पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर मशीन कुठल्या विंडोजवर चाललंय तेच कळत नाही.

सुरू झालं, वाटलं काम झालं. स्पीड बघितला तर सेकंदाला 270 एमबीच्या आसपास. या बोर्डाला चार साटा पोर्ट असतात, दोन 6 जीबीपीएसचे आणि दोन 3 चे, आणि मी घाईत हाताला लागला त्यात घातलो होतो. पोर्टशेजारी बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाईलची बॅटरी मारून वाचलो, पोर्ट बदललो, सरळ 530 वर गेला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पण विंडोज सेव्हनच्या काळापासून डिस्कसाठी जुना आयडीई मोडच होता. तो एकदम बदलला तर निळा स्क्रीन येऊ शकतो. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटला टिक करायची, मग बायोसमध्ये एएचसीआय हा नवा मोड करायचा, एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की टिक काढायची.

ट्रिम चालू आहे का ते नक्की बघा. एसएसडीत लिहिलेल्या जागेवर परत थेट लिहिता येत नाही, आधी पुसायला लागतं, आणि एक ओळ पुसता येत नाही, आख्खी पाटी पुसायला लागते. कुठल्या फायली आपण डिलीट केल्या ते ट्रिममुळं ड्राइव्हला कळतं, मग ती मोकळ्या वेळात पाटी पुसून ठेवते. विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हमध्ये तुमच्या ड्राइव्हपुढं सॉलिड स्टेट असं दिसलं पाहिजे, हार्डडिस्क दिसत असेल तर गडबड आहे. पेजफाइल बंद करा, इंडेक्सिंग बंद करा हे सल्ले मी मानलो नाही, त्याची गरजच पडली नाही. हायबरनेट तेवढं बंद केलं, तीनेक जीबी मोकळे झाले. आणि शंभरेक जीबी रिकामे ठेवतो, ड्राइव्ह गच्च भरली की लिहायला रडते.

जूनमध्ये मशीन मधेच दोन-दोन सेकंद अडकायला लागलं. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत सीआरसी एररचा, म्हणजे डेटा जाता-येताना होणाऱ्या चुकांचा, आकडा रोज वाढत होता. मला वाटलं ड्राइव्हच गेली, रात्रभर झोप नाही. बेळगावच्या ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केलो तर म्हणाला, "केबल बदलून बघा ओ आधी, ड्राइव्हला कशाला नावं ठेवतायसा." नवीन साटा केबल घातली, तेव्हापासून आकडा 41 वरच आहे. तो परत शून्य होत नसतो, वाढत नाही एवढंच बघायचं.

जुलैच्या पावसात आमच्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. एकदा सेव्ह करतानाच करंट गेला आणि एका पत्रिकेची कोरलड्रॉची फाइल उघडेना. लग्न चार दिवसांवर, मुलीचे वडील समोर बसलेले. रात्री बसून परत सगळी केली. दुसऱ्याच दिवशी बॅटरी बदलली, आणि आता दुकान बंद करताना दिवसाचं काम जुन्या हार्डडिस्कवर कॉपी करतोच.

आजचा आकडा असा आहे, हेल्थ 98 टक्के, लिहून झालेत 3.6 टीबी, वॉरंटीच्या कागदावर लिहायची मर्यादा 160 टीबी. मशीन वीस सेकंदात सुरू होतं. दारात पाणी मारायला आता मी नंतर जातो.