दोन टीबीच्या डबीत 58 जीबी आणि बोल्टाचे दोन नट

आधी आकडा सांगते: 3,659 रुपये. ऑनलाइन घेतलेल्या बनावट डिस्कचे 1,899, गेलेला डेटा काढून देतो म्हणणाऱ्याची तपासणी फी 1,500 आणि रिक्षा-झेरॉक्सचे 260. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या गेल्या, त्या यात धरलेल्या नाहीत. आई आता नाही.

मी अडाणी नाही. चौदा वर्षं टॅलीवर हिशेब लिहिते, ओटीपी कुणाला देत नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज 11 चालणार नाही म्हणे. म्हणून विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. त्याआधी बॅकअप घ्यायलाच हवा, म्हणून ऑनलाइन 2 टीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, मागवली. शहाणपणाच केला होता हो!

डबी हातात आली तेव्हा हलवली. आत खुळखुळलं. एसएसडीत हलणारा भागच नसतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मी काय केलं? ‘कव्हर ढिलं असेल’ म्हणून सोडून दिलं. दहा हजारांच्या आसपासची वस्तू 1,899 ला का मिळते, हाही प्रश्न पडला होता. त्याला ‘सेल असेल’ हे उत्तर मीच दिलं. ते खुळखुळणं अजून रात्री कानात वाजतं.

लॅपटॉपवर जागा 1.81 टीबी दिसली. बरोबरच दिसली, कारण अशा बनावट डिस्कच्या चिपला खोटं बोलायलाच शिकवलेलं असतं. 310 जीबी रात्रभर कॉपी झालं, एकही एरर नाही. सकाळी पहिल्या फोल्डरमधल्या चार फाइली उघडून पाहिल्या, उघडल्या. शेवटच्या फोल्डरमधल्या उघडायला हव्या होत्या! खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं, नावं आणि आकार तेवढे दिसत राहतात. मग मिंट टाकायला मी लॅपटॉपवरचा सगळा डेटा पुसला.

मिंटवर डिस्कची खरी जागा तपासणारं एफथ्री (F3) नावाचं फुकट साधन आहे. त्याने खरी जागा दाखवली 58 जीबी. विंडोजवर त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) आहे. नवी डिस्क आली की आधी हे चालवा, मग एक फाइल टाका. भाच्याने डबी फोडली तर आत मोबाइलचं मेमरी कार्ड आणि वजनासाठी गोंदाने चिकटवलेले दोन नट. त्यातला एक सुटलेला.

विक्रेता म्हणतो, सात दिवसांत परत करायची होती. मला कळलं अकराव्या दिवशी. पोलीस चौकीत दोन तास बसवलं. साहेब म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहकवाल्यांकडे जा.” ग्राहकवाल्यांनी फोनवर तीनदा तीच माहिती लिहून घेतली आणि विचारलं, “मॅडम, डेटाचं बिल आहे का?” आईच्या ओव्यांचं बिल! मग मेल आला, तक्रार निकाली. कुणी काढली, कशी काढली, त्यात काही नाही. डेटावाल्याने 1,500 आधी घेतले आणि मग सांगितलं, लॅपटॉपची एसएसडी पुसल्यावर काही निघत नाही. हे फोनवर सांगता आलं नसतं?

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.

काल पाहिलं, तीच डबी अजून विकायला आहे, 1,699 ला. त्याखालचा माझा अभिप्राय ‘नियमात बसत नाही’ म्हणून काढून टाकलाय.