जेट्टीजवळची बिनपाटीची खानावळ: बांगडा ताजा आणि टेस्ट शेवटच्या बॉलपर्यंत

मालवणच्या जेट्टीवर मी बर्फ पुरवतो. पहाटे चारला लाद्या टेम्पोत भरायच्या, उजाडायच्या आत फोडून होड्यांचे खण भरून द्यायचे, आणि साडेनऊपर्यंत टेम्पो धुऊन मोकळं व्हायचं. अठरा वर्षं हेच चाललंय. मासा किती दिवस बर्फात होता हे मला ताटात कळतं, काट्यावरून मांस कसं सुटतं ते बघून. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी या खानावळीच्या बांगड्याचं कौतुक करणार आहे आणि ते उगाच केलेलं नाही.

खानावळीला पाटी नाही. जेट्टीवरून बाजाराकडे येताना जाळी दुरुस्त करायला बसतात तो मांगर लागतो, त्याच्या पाठीमागे पत्र्याची शेड आहे. सहा टेबलं. भाऊ गल्ल्यावर, वैनी चुलीपाशी. बांगड्याची थाळी १८० रुपये: दोन तुकडे तिखल्यात, एक तळलेला, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिखलं मातीच्या भांड्यातच होतं, आणि तिरफळं ठेचून अगदी शेवटी पडतात, म्हणून ताट समोर येण्याआधी वास येतो. मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, मटण शनिवारी. सुरमई मी इथे घेत नाही. पर्यटकांची गर्दी असली की तिचा भाव चढतो, आणि बांगडा असताना सुरमई कशाला, हे माझं जुनं मत आहे.

पण मी तिथे रोज बसतो तो भिंतीवरच्या फळ्यासाठी. शाळेतला असतो तसा काळा फळा. डाव्या अर्ध्यात माशांचे भाव, उजव्या अर्ध्यात चालू क्रिकेट टेस्टचा स्कोअर. विकेट पडली की भाऊ गल्ल्यावरून उठतो, अंगठा जिभेला लावतो, फक्त विकेटचा आकडा पुसतो आणि नवा लिहितो. धावा दर ओव्हरला बदलतात, त्या फडक्याने. विकेट मात्र अंगठ्यानेच. दिवसभराने त्या एका जागी फळा राखाडी होतो. मी विचारलं होतं एकदा, असं का? म्हणाला, "विकेट म्हणजे एक माणूस गेलो रे. तो फडक्यान कसो पुसू?"

इथला नियम एकच. टेस्ट चालू असताना चॅनल बदलायचा नाही, मग टेस्ट कुणाचीही असो. झिम्बाब्वे आणि आयर्लंडची असली तरी. टीव्हीवर नसली तर मोबाइल जोडून लावतात. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात माझ्यासमोर टेस्टच्या शेवटच्या तासात वेटरने गाण्यांचा चॅनल लावला होता. विनंती केली तर म्हणाला, "साहेब, टेस्ट कोण बघतं?" त्यानंतर मी तिथे गेलेलो नाही.

कोण बघतं ते सांगतो. एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत, साठी उलटलेले. एक निवृत्त मास्तर, कायम वहीसकट. मी. जाळीवाले दोघेतिघे. आणि हंगामात होड्यांवरचे खलाशी. भांडणं दोनच विषयांवर होतात: टीममध्ये कुणाला घ्यायचं, आणि लहान देशांना टेस्ट का खेळू द्यायची. हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला इथे बसून कळलं. एका माणसाला किती संधी द्यायच्या आणि एका देशाला किती, प्रश्न तोच.

२०२५ चा इंग्लंड दौरा आम्ही अख्खा इथे पाहिला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, दुपारी साडेतीनला खेळ सुरू, माणसांना दुसरं काम नाही. पाच टेस्टमध्ये फिरकीवाल्या कुलदीप यादवला एकही मिळाली नाही, आणि दर टेस्टच्या टॉसला तेच भांडण उकरून निघालं. मास्तर म्हणायचे, "वीस विकेटी कोण काढतलो? आठव्या नंबराचो बॅट्समन?" तांडेल म्हणायचे, "रन कमी पडले तर विकेटी घेवन काय करतलास?" मी मास्तरांच्या बाजूचा. बॅटिंग लांबवण्यासाठी हातातला विकेट काढणारा बाहेर बसवायचा, हे मला पाच टेस्टमध्ये एकदाही पटलं नाही. तिकडून वैनीचा आवाज: "आधी जेवा, मगे भांडा."

ओव्हलचा शेवटचा दिवस ४ ऑगस्टचा, श्रावणी सोमवार. फळ्याच्या डाव्या अर्ध्यात मासा नव्हताच, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावने एवढंच लिहिलेलं. उजव्या अर्ध्यात इंग्लंड ६ बाद ३३९, जिंकायला हव्यात ३७४. बंदी उठली होती, पण नारळी पौर्णिमा व्हायची होती, दर्याही शांत नव्हता, म्हणून सगळे हजर. इंग्लंडचा जखमी वोक्स हात गळ्यात बांधून बॅटिंगला उतरला तेव्हा तांडेल उभे राहिले. नुसते उभे राहिले, बोलले काही नाहीत. मग सिराजने ऍटकिन्सनचा स्टंप उडवला, सहा धावांनी मॅच आपली, आणि भाऊचा अंगठा फळ्यावर टेकायच्या आधीच पोरं पावसात बाहेर पळाली. घावने गार झाले होते. मी तसेच खाल्ले.

सर्फराज खानवर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात टीम ४६ ला आटपली, दुसऱ्या डावात त्याने १५० काढल्या. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या टीममध्ये नाव नाही. मास्तर अशा वेळी अमोल मुझुमदारची गोष्ट काढतात. सचिनचे कोच आचरेकर सर मूळ आमच्या मालवणचे, म्हणून ती गोष्ट इथे घरातली असल्यासारखी सांगितली जाते. सचिन आणि कांबळी यांची १९८८ ची ६६४ ची भागीदारी चालली होती तेव्हा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसला होता, तो मुझुमदार. नंतर त्याने फर्स्ट क्लासमध्ये ११,००० हून जास्त धावा केल्या आणि एकही टेस्ट खेळला नाही. २०२५ मध्ये मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच होता. त्या रात्री मास्तरांनी डोळे पुसले.

माझंही एक आहे. विशीत असताना मी तीन हंगाम एका टीमबरोबर फिरलो, पाणी नेलं, किट उचललं. तीन हंगामांत एक मॅच मिळाली, चार धावा झाल्या, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. एका डावावरून माझ्यात काय होतं हे कुणाला कळलं असेल? मलाच अजून कळलेलं नाही. म्हणून कुणी "आयर्लंडला टेस्ट झेपत नाही" म्हटलं की माझा आवाज चढतो.

या बाबतीत मास्तरांची वही बघण्यासारखी आहे. मागा, दाखवतात. पहिली टेस्ट कधी, पहिला विजय कितव्या टेस्टला. भारत: १९३२ ला लॉर्ड्सवर सुरुवात, पहिला विजय १९५२ ला मद्रासला, पंचविसावी टेस्ट. न्यूझीलंड: १९३० ला सुरुवात, पहिला विजय १९५६ ला, पंचेचाळिसावी. मधे एकदा २६ धावांत गारद. बांगलादेश: २००० ते २००५, पस्तिसावी. मग दोन ओळी लाल पेनाने. अफगाणिस्तान: २०१८ ला बंगळुरूत आपल्याविरुद्ध दोन दिवसांत हरले, दुसऱ्याच टेस्टला देहरादूनमध्ये आयर्लंडला हरवलं. आयर्लंड: मार्च २०२४ ला अबू धाबीत अफगाणिस्तानला हरवलं, ती त्यांची आठवी टेस्ट.

आपण पंचवीस घेतल्या. न्यूझीलंडने पंचेचाळीस घेतल्या, आणि तोच न्यूझीलंड २०२१ ला आपल्याला हरवून टेस्टचा जगज्जेता झाला, २०२४ ला आपल्या घरी येऊन ३-० ने जिंकून गेला. वानखेडेवर त्यांच्याकडून अकरा विकेट काढणारा एजाज पटेल जन्माने मुंबईचा. १९५५ ला कुणी "२६ ला गारद होतात, बंद करा यांचं" म्हटलं असतं तर?

आयर्लंडची जुलै २०२४ ची बेलफास्टची टेस्ट मी विसरणार नाही. समोर झिम्बाब्वे, हव्या होत्या १५८, आणि फळ्यावर ५ बाद २१. बाहेर पत्र्यावर पाऊस असा की टीव्हीचा आवाज ऐकू येईना. एक जाळीवाला म्हणाला, "झाला. हेंका कित्याक खेळयतत?" तेव्हा तांडेलांनी सुतळीचा गुंडा खाली ठेवला. "एक फेरी रिकामी इली म्हणान कोण होडी इकता काय?" कुणी काही बोललं नाही. टकर ५६ करून गेला, मॅकब्राइन नाबाद ५५, चार विकेटनी आयर्लंड जिंकलं. आमच्यापैकी आयर्लंड कुणी नकाशावर दाखवलं नसतं, पण त्या दिवशी वैनीने चहाचे पैसे घेतले नाहीत.

२८ जानेवारी २०२४ चा रविवार तर वेगळाच. टीव्हीवर हैदराबाद, आपण इंग्लंडकडून हरायच्या वाटेवर. भाऊच्या मोबाइलवर ब्रिस्बेनचं गॅबा मैदान, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडिज. तो मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. वेस्ट इंडिजचा बॉलर शमार जोसेफ, दुसरीच टेस्ट, आदल्या दिवशी स्टार्कच्या यॉर्करने पायाचं बोट ठेचलेलं. गयानातलं त्याचं गाव बाराकारा, तिथे नदीतून होडीनेच जावं लागतं. क्रिकेटच्या आधी सिक्युरिटी गार्डची नोकरी करायचा. मास्तरांनी हे वाचून दाखवलं आणि तांडेलांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. ६८ धावांत ७ विकेट, वेस्ट इंडिज आठ धावांनी जिंकलं, ऑस्ट्रेलियात २७ वर्षांनी. संध्याकाळी आपण २८ धावांनी हरलो. वाईट वाटलं, पण तांडेल घरी जाताना शमारचंच नाव घेत होते. "होडयेवरचो पोरगो तो," म्हणाले, "आमचोच."

माझं म्हणणं असं आहे. २०१७ मध्ये आयर्लंड आणि अफगाणिस्तानला टेस्टचा दर्जा दिला, देश बारा झाले. पण टेस्ट चॅम्पियनशिपमध्ये नऊच. म्हणजे बारा जणांना आमंत्रण धाडायचं आणि पंगतीला नऊच पानं मांडायची. उरलेल्या तिघांनी, म्हणजे आयर्लंड, अफगाणिस्तान आणि झिम्बाब्वेने, मिळेल तेव्हा खेळायचं, कधी वर्षाला एखाददुसरी टेस्ट. मग हरले की म्हणायचं, बघा, झेपत नाही. आमच्याकडे असं कुणी लग्नात केलं तर पुढच्या लग्नाला कुणी जाणार नाही.

एकदा मात्र वैनीने आम्हाला गप्प केलं. अफगाणिस्तानचं कौतुक चाललं होतं, रशीद खान विसाव्या वर्षी कॅप्टन झाला, बांगलादेशात चट्टोग्रामला अकरा विकेट काढल्या, वगैरे. ती भाताचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "आणि त्यांच्या पोरींची टीम खंय?" २०२० मध्ये पंचवीस जणींना करार दिले होते, २०२१ ला तालिबान आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मास्तरांच्या वहीत याला रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आखला. अजून रिकामा आहे.

आता उणं काय ते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर बल्ब चालतात, टीव्ही चालत नाही. पावसाळ्यात हे फार होतं आणि दोन वर्षं सांगूनही भाऊने काही केलेलं नाही. सोलकढी दोननंतर पातळ होते. हात धुवायचा नळ मागच्या अंगणात, तिथे चिखल. फोनवरून पैसे द्यायचे तर रेंजसाठी रस्त्यावर यावं लागतं, रोख ठेवा. रणजी लावत नाहीत. याचा मला राग आहे. निवडीवर एवढं भांडायचं आणि निवड जिथून होते ते बघायचं नाही, हे बरोबर नाही. भाऊला मी तोंडावर सांगितलंय. आणि शांतपणे जेवायचं असेल तर टॉसच्या वेळी येऊ नका.

वेळा: भारतात टेस्ट असली की साडेनऊपासून. ऑस्ट्रेलियाची असली तर भाऊ पहाटे पाचला दार उघडतो, पण तेव्हा फक्त चहा आणि उसळपाव. वेस्ट इंडिजमध्ये असली तर रात्री जेवण दहापर्यंत, टीव्ही पुढेही चालू. बंदीच्या दिवसांत सुका बांगडा, किसमूर आणि कुळथाची पिठी मिळते, आणि पिठीसाठी मी पावसाची वाट बघतो.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी शारजात नेपाळने वेस्ट इंडिजला टी-ट्वेंटी मालिकेत २-१ ने हरवलं. आमच्या जेट्टीवर नेपाळी खलाशी बरेच. एक पोरगा, विशीचा, मालिका संपल्यावर फळ्यासमोर उभा राहिला आणि भाऊला म्हणाला, "भाऊ, नेपाल टेस्ट कब खेलेगा?" भाऊने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी वही उघडली, लाल ओळींच्या खाली नेपाळ लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. पोराने वाकून अक्षर बघितलं, ताट उचलून नळाकडे गेला. त्याची होडी संध्याकाळी सुटायची होती. मी बर्फाच्या दोन लाद्या जादा टाकल्या.