आठ महिने ईव्ही, फोंडा-पुणे चार खेपा

चार खेपा झाल्या म्हणून आता लिहितोय, एका खेपेवर लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या. गाडी विजेवरची, बॅटरी 40.5 युनिटची, कागदावर रेंज चारशेच्या वर, मला हायवेला एसी लावून 270 ते 290 मिळते, तीही ताशी 85 च्या आत चालवली तर.

आमची जुनी सवय म्हणजे गोव्याची हद्द सोडायच्या आधी टाकी फुल्ल. 2012 ला पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला ना, तेव्हापासून अंगात भिनलंय. आता फुल्ल घरच्या प्लगवर रात्रभर लावून, तेवढंच काय ते साम्य. पुढे चोर्ला घाट. साखळी, केरी मागे पडलं की चढ लागतो, बेळगाव साधारण 750 मीटर उंचावर, त्यामुळे 110 किमीत माझी 47 टक्के बॅटरी जाते. पहिल्या वेळी बायको म्हणाली, अहो, वळवा गाडी, पुण्याला नंतर बसने जाऊ. आणि परत येताना हाच रस्ता 32 टक्क्यांत, कारण उतारावर रिजनमुळे, म्हणजे वेग कमी होताना मोटरच वीज तयार करते त्यामुळे, बॅटरीत थोडं परत भरतं, ब्रेकवर पाय क्वचितच जातो.

फास्ट चार्जरवर 10 ते 80 ला तासभर लागतो, 80 नंतर मात्र मुंगीच्या पावलाने. मी आधी हट्टाने 100 होईपर्यंत बसायचो, मागे दुसरा गाडीवाला ताटकळत. आता कोल्हापूरला मिसळ खाईपर्यंत जेवढं होईल तेवढं आणि साताऱ्याला चहाबरोबर उरलेलं, बस.

दिवाळीत फजिती झाली. ॲपमध्ये चार्जरची गन (गाडीला लावायचा प्लग) रिकामी दिसतेय म्हणून कोल्हापूरच्या अलीकडे 14 टक्क्यांवर पोचलो तर स्क्रीनच काळी, हेल्पलाईनवाला चाळीस मिनिटं "सर, इथून रीस्टार्ट मारतोय" म्हणत राहिला. शेवटी एसी बंद, काचा खाली, पन्नासच्या स्पीडने पुढचे 18 किमी, घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं म्हणजे गाडीत हो. तेव्हापासून पंचवीसच्या खाली जाऊ देत नाही, आणि निघायच्या आधी तिथल्या वॉचमनला फोन.

पुण्यात ताईच्या पार्किंगमध्ये 15 अँपियरचा सॉकेट होता पण अर्थिंग नीट नाही म्हणून गाडी करंटच घेईना. वायरमन बोलावून ते करून घेतलं. आता सोसायटीवाले प्रत्येक वेळी विचारतात, बिल कोण भरणार. ताई म्हणते, आंबे आणतो तो, त्यात आलं.